दोन मांडवांचा माईकवाला

त्या दिवशी ओढ्यावर कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजी पुढचं नीट कळंल. अल्याड आमच्या विहाराची मानसं. विहाराचं समदं बघनारं तात्या, त्यांचा पुतन्या विकास, माझी भावजय शालन आनि मी. पल्याड मारुतीच्या देवळाची मानसं. सप्त्याचं मोठं म्हंजी आबा, त्यांचा नातू संतोष, आनि संतोषच्या मागं काठ्या घेतलेली पोरं. आमच्या पोरांच्याबी हातात काठ्या व्हत्या, ते मी झाकत न्हाई. आनि मधी साकवावर, म्हंजी ओढ्यावरच्या बारक्या पुलावर, दोन हातांत दोन माईक धरून हुबा ऱ्हायलेला माझा धाकटा भाऊ बबन. त्याला बबन म्हननारी गावात मी आनि आबा दोघंच. बाकी समदे त्याला हॅलो म्हनायचे.

हॅलो म्हनायचे कारन उभ्या जन्मात त्यो माईकवर तेवढंच बोलला. लोकांची लग्नं लावली, कीर्तनं ऐकवली, पुढाऱ्यांची भाषनं घुमवली, पन स्वताचं असं त्या माईकात एक वाक्य न्हाई. बाकीचे माईकवाले मांडवात आले की वन टू थ्री, वन टू थ्री करून कान किटवत्यात. ह्यो तसा नव्हता. सामान लावून झालं की माईकचा आवाज धरायची पेटी चालू करायचा आनि माईक बंदच ठेवायचा. मग स्पीकरपाशी डोळं मिटून गुमान हुबा. लोक म्हनायचे, "हॅलोला झोप लागली." मी एकदा इचारलं, "काय ऐकतो रं? आवाज तर काय न्हाई."

"आवाज न्हाई हेच ऐकतो आक्का. आधी बघायचं घरात कोन बसलंय का. कोन नसलं तरच पाय टाकायचा."

मग माईक तोंडाशी धरून एकच बारीक हॅलो. कुनाला दारातून हाक मारावी तसं. झालं त्याचं.

मी त्याच्याकडं आले ते रिकाम्या हातानं. आमचं मालक घाटात दरडी काढायच्या कामावर व्हते, तितंच गेले. पोरबाळ न्हाई. सासरच्यांनी थोडं दिस ठेवून घेतलं, मग माझं गाठोडं माझ्याच हातात दिलं. बबनचं नवं लगीन झालेलं. मला वाटलं, नव्या नवरीच्या घरात आपन कुटं जायचं. पन त्यो मला न्यायला आला, एसटीत माझं गाठोडं मांडीवर घेऊन बसला, आनि सगळ्या वाटंत एक शब्द बोलला न्हाई. फाट्यावर उतरल्यावर म्हनला, "आक्का, घर बारकं हाय. पन आवाज व्हत न्हाई घरात." तवापास्नं मी तितंच. खंडाळ्याला एका बंगल्यात सैपाकाचं काम धरलं आनि दिस काढले. रडत बसायला येळ नव्हता, म्हनून रडले न्हाई.

त्याची एक खोड व्हती. कुनाला कमी-जास्त वाटू नये म्हनून त्यो समदं सारखं आनायचा. दिवाळीला शालनला आनि मला साडी आनायचा ती एकाच ताग्यातली. रंग त्यो, काठ त्यो. आमी दोघी पान्यावर निघालो की बाया म्हनायच्या, "आल्या बघा, ब्यांडवाल्या आल्या!" शालन लय चिडायची. "अवं, नंदेला हिरवी आना, मला लाल आना. बिघडलं काय?"

"एक जन म्हनंल लाल चांगली व्हती," बबन म्हनायचा. "मग मी काय करू?"

"मग तिला म्हनावं गप बस."

"असं कुनाला म्हनता येत न्हाई," त्यो म्हनायचा. खरंच त्याला कुनाला गप बस म्हनता येत नव्हतं. हीच खोड पुढं त्याला नडली.

आमचं गाव वलवनच्या धरनाच्या पल्याड, डोंगराच्या पोटाला. मधी ओढा. ओढ्याच्या एका अंगाला देऊळ आनि पाटलांची, शेतकऱ्यांची घरं. दुसऱ्या अंगाला विहार आनि आमची वस्ती. हितनं हाक मारली तर तितं ऐकू जाती. आधी वायरचे माईक व्हते तवर काय त्रास नव्हता. मग बिनवायरचे आले. महाराजांना नाचत कीर्तन करायचं असतंय, नवरदेवाच्या मामाला मांडवभर फिरून आहेर सांगायचा असतोय. समद्यांना बिनवायरचाच पायजे. गावाच्या चारी अंगांनी बंगले झाले. त्यांचं वायफाय, त्यांचे कॅमेरे, गेटवरच्या बिनवायरच्या बेला, पोरांच्या गाण्याचे डबे. बबन म्हनायचा, "आक्का, तुला दिसत न्हाई, पन ह्या हवेत फाट्यावरच्या रविवारावानी गर्दी झालीया."

"मग सरकार काय करतंय?"

"सरकारनंच ही वाट मोकळी ठेवलीया. बाकीच्या वाटांना परवाना लागतो. रेडिओची वाट येगळी, पोलिसांची येगळी. ह्या वाटंला परवाना न्हाई, कुनीबी यावं. म्हनून तर आपल्यासारख्याचं पोट भरतंय. पन मोकळ्या वाटंवर कुनी कुनाला बाजूला सर म्हनायचं न्हाई. आपन अंग चोरून चालायचं, एवढंच."

ते अंग चोरून चालनं मी एकदा डोळ्यांनी बघितलं. मी ज्या बंगल्यात सैपाक करत व्हते तितल्या मालकांच्या वडलांचा वाढदिवस व्हता. बबनला स्पीकर लावायला मीच सांगितलेलं. पावन्यांनी कॉलरला लावायचा बारका माईक स्वताच आनलेला. हिरवळीवर म्हातारं बाबा उठून बोलायला लागलं, आनि आवाज तुटाया लागला. मालकीनबाई बबनला म्हनल्या, "भाऊ, तुमचे स्पीकर खराब आहेत का?" त्यो स्पीकरपाशी डोळं मिटून हुबा ऱ्हायला. मग माझ्याकडं सैपाकघरात आला. मी त्या तापवायच्या पेटीत वाट्या घालून भाजी गरम करत व्हते.

"आक्का, ही पेटी फिराया लागली की तिकडं माईक तुटतोय. दोघं एकाच वाटंनं चाललेत."

"मग मी काय थंड वाढू? बाई मला खातील."

त्यानं खिडकीतनं हिरवळीकडं बघितलं. मग म्हनला, "म्हातारं बोलतंय तवर दम धर. लोक टाळ्या वाजवत्याल तवा मी खिडकीतनं हात वर करीन. तवा तापव. टाळ्या थांबल्या की बंद कर."

मग आमी तसंच केलं. बाबा आपल्या लहानपनाचं सांगत व्हतं, लोक हसून टाळ्या वाजवायचे, की खिडकीत बबनचा हात. मी एक वाटी तापवायची. परत हात खाली, की मी बंद. म्हाताऱ्याचं बोलनं शेवटपर्यंत नीट ऐकू गेलं. भाजी मातर काही जनांना कोमट गेली आनि मला बोलनी बसली. घरी येताना बबन म्हनला, "माझ्यापायी तू बोलनी खाल्लीस." मी म्हनलं, "म्हातारं बोललं ना पोटभर? मग खाल्ली तर खाल्ली." त्यो हसला. त्याचं हसनंबी बारीकच असायचं.

आता ओढ्यावरचं सांगते.

देवळाच्या सप्त्याचं आनि आमच्या जयंतीचं, दोन्ही कामं पहिल्यापास्नं बबनकडंच. चैत महिना लागला की आबा येऊन ओसरीवर बसायचे आनि पानावर सुपारी ठेवायचे. आमच्याकडं काम ठरवायची ही रीत. सुपारी घेतली म्हंजी शब्द झाला. मग तात्या त्यांची सुपारी घेऊन यायचे. त्या दिवशी बबन आंघोळ करून, इस्त्रीचं शर्ट घालून बसायचा. दुसऱ्या कामाला त्यो कधी शर्टाला इस्त्री करत नव्हता. दोन्हीकडची सुपारी एकाच घरात येती, ह्याचा त्याला लय मान वाटायचा. तोंडानं बोलायचा न्हाई, पन बहिनीला कळतंय.

त्याच्याकडं एक माईक नवा आनि एक जुना व्हता. एका वर्षी त्यानं नवा देवळात दिला. तर आमची मानसं म्हनली, "आपला असून आपल्याला जुनं?" पुढच्या वर्षी नवा विहारात दिला. तर देवळाची पोरं म्हनली, "शेवटी आपल्या मानसांकडं वळला." म्हनून त्यानं पुन्याला जाऊन दोन नवे सेट आनले. एका दुकानातनं, एका कंपनीचे, एका रंगाचे. साड्या आनायचा तसे. दोन्ही चटईवर शेजारी मांडून आमाला दावले. "बघ आक्का, आता कोन काय म्हनंल?" शालननं वळखायला म्हनून एकाला लाल दोरा बांधला, तर त्यानं दुसऱ्यालाबी बांधला.

त्या वर्षी काल्याच्या कीर्तनाचा दिवस आनि जयंती एकाच दिवशी आली. आठवडाभर देवळातला माईक चालू व्हता, विहारातला पेटाऱ्यात. त्रास काय झालाच न्हाई. त्या दिवशी सकाळी बबननं आधी विहारात पेटी चालू केली, डोळं मिटून ऐकलं. शांत. मग देवळात जाऊन तसंच ऐकलं. तितंबी शांत. आता कळतंय, विहारात ऐकत व्हता तवा देवळातला माईक बंद व्हता, आनि देवळात ऐकत व्हता तवा आमचा. दोन्ही घरं रिकामी दिसली आनि त्यानं दोन्हीकडं पाय टाकला. देवळातली पेटी संतोषच्या हवाली केली आनि विहारात आला.

उन्हं वर आली. आमची वंदना झाली. पुन्याकडनं आलेले एक वक्ते बोलले, लय तडफेनं बोलले. त्यांचं बोलनं संपल्यावर आमी समदी दोन मिंटं शांत हुबी ऱ्हायलो. वक्त्यांनी माईक बंद केला. आनि त्या शांततेत आमच्या स्पीकरातनं महाराजांचा आवाज आला. सासू-सुनेचा काय विनोद सांगत व्हते. त्याच्या मागनं देवळातल्या लोकांचं खदाखदा हसनं. आमी माना खाली घालून हुबे, आनि डोक्यावर ते हसनं. विकास म्हनला, "बघा, मुद्दाम लावलंय! आपली शांतता बघून लावलंय!"

तिकडंबी तसंच झालेलं. आमचं वक्ते रंगात असताना महाराज पानी प्यायला थांबले, त्यांनी माईक बंद केला, आनि देवळाच्या स्पीकरातनं आमच्या वक्त्यांचा आवाज घुमला, "दगडापुढं नाक घासून कुनाचं पोट भरलं?" मारुतीच्या पुढ्यात. बाया-मानसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. पोरांनी काठ्या घ्यायला येळ लावला न्हाई.

एकाचा माईक बंद झाला की त्याच्या पेटीत दुसऱ्याचा आवाज शिरत व्हता. पेट्याच एकसारख्या, त्यांची वाटबी एकच. त्यांनी कुनाला वळखायचं?

बबनला पहिल्याच हसन्याला समजलं. त्यानं वक्त्यांच्या हातातनं माईक घेतला आनि पळत सुटला. देवळात जाऊन महाराजांपुढं हात जोडले. महाराज भला मानूस, निमूट माईक दिला. तवर दोन्हीकडची गर्दी ओढ्यावर आलेली. त्यो साकवाच्या मधोमध हुबा ऱ्हायला. आधी डाव्या हातातल्या माईकात म्हनला, "हॅलो." देवळातनंबी हॅलो आलं, विहारातनंबी आलं. मग उजव्या हातातल्या माईकात म्हनला. परत तसंच, दोन्हीकडनं. मग माईक खाली करून, नुसत्या तोंडानं म्हनला, "दोन्ही माझेच हायेत. चूक माझी हाय. हितं कुनी कुनाला काय केलं न्हाई." आनि दोन्ही माईकातले सेल काढून खिशात टाकले.

काठ्या खाली आल्या. त्या दिवशी डोकं कुनाचं फुटलं न्हाई, ते त्याच्यामुळं. पन राग कुटंतरी जायला पायजे व्हता.

संतोष म्हनला, "तू येवढा जानकार, तुला आधी कळलं न्हाई? देवाच्या दारात शिव्या ऐकवल्यास आमाला."

विकास म्हनला, "देवळाचं कीर्तन आमच्या डोस्क्यावर घालायला किती दिस टपला व्हतास?"

आबा म्हनले, "बबन, तुझं सामान काढून ने." तात्या म्हनले, "आमचंबी काढ." येवढ्या येका गोष्टीत दोन्हीकडचं एकमत झालं. शालन रडत घराकडं गेली. मी वायरी गुंडाळायला त्याच्यासंगं गेले. देवळात गेलो तवा लोक प्रसाद घेत व्हते. आमाला कुनी बस म्हनलं न्हाई.

पुढच्या चैतात त्यो इस्त्रीचं शर्ट घालून बसला. कुनी आलं न्हाई. त्याच्या पुढच्या चैतातबी बसला. मला इचारायचा, "आक्का, परत बोलावत्याल का गं?" मी म्हनायची, "बोलावत्याल." शालन म्हनायची, "काय नडलंय? सोमाटन्याला लग्नाची कामं हायेत, तळेगावला हायेत. गाव म्हंजी काय जग हाय का?" कामं मिळायची, ते खरं. भाकरी थांबली न्हाई. पन दुसऱ्याच्या मांडवात चार कामं करून आलेला मानूस आनि आपल्या गावानं न बोलावलेला मानूस, एकाच ताटात जेवतो, तरी घास येगळा असतो.

देवळानं स्वताचा सेट घेतला, विहारानं स्वताचा घेतला, आनि इर्षेनं दोन्हीकडं चैतभर माईक वाजाया लागले. संतोष तिकडचा माईकवाला, विकास हिकडचा. ह्या नव्या सेटांवर आकडे व्हते. आकडा बदलला की वाट बदलती. पन दोन्हीकडच्या पोरांनी खोक्यातनं काढलं तसंच लावलं, दोघंबी एकवर. आनि एकमेकाला इचारायचं कुनी? चैतात सप्ता बसला त्या सकाळी बबन वट्यावर बसून ऐकत व्हता. तिकडं संतोषनं माईकवर फुंकर मारली, ती आमच्या विहारात ऐकू आली. बबन उठला, चप्पल घातली.

शालन आडवी आली. "कुटं निघालात? कुत्रंबी हाडूत केल्यावर त्या दारात जात न्हाई."

"मी मानसांकडं न्हाई जात. सामानाकडं जातो."

मीबी मागनं गेले, काय इपरीत व्हऊ नये म्हनून. देवळात संतोष म्हनला, "आला बघा हॅलो. तुला कुनी सांगावा धाडला?"

"कुनी न्हाई. तुझा आकडा किती हाय?"

"तुला काय करायचाय?"

"तिकडंबी तोच हाय. तू एकवर ऱ्हा. मी तिकडं पाच करतो." आनि वळून विहारात. विकासनं तोंड फिरवलं, पन पेटीला हात लावू दिला. बबननं आकडा बदलला, डोळं मिटून ऐकलं, आनि घरी आला. ना कीर्तनाला थांबला, ना वंदनेला. दर चैतात त्यो असाच जायचा. बंगल्यांचं वायफाय वाढलं तसा एखाद्या आकड्यावर खरखर व्हायची, मग त्यो दोघांना दुसरे आकडे शोधून द्यायचा. सामान नीट चाललं, म्हनून तितं काय बिघडनार व्हतं हे कुनाला कळलंच न्हाई. पोरं म्हनायची, येडं हाय, सवय जात न्हाई.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातनं दोनदा तळेगावला मशीनवर. मी न्यायची, कधी शालन न्यायची. मशीन त्याचं रगत काढायचं, धुवायचं, परत घालायचं. त्यो त्या मशीनचाबी आवाज डोळं मिटून ऐकायचा. नर्सबाई म्हनल्या, "बाबा झोपतात छान." मी म्हनलं, "झोपत न्हाई ओ ते."

गेल्या चैतात त्याला उठवंना. आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. "आक्का, तू जाशील? देवळातल्या पेटीवर बारका लाल आकडा दिसंल. त्यो वाच, मनात धर, आनि विहारात येऊन सांग, ह्यो सोडून दुसरा लावा. पार लांबचा लावा."

मी चौथी शिकलेली. आकडा वाचता येतो. सकाळी गेले. साकवावरनं त्या बाजूला एकटी जायला पाय जरा जड झाला, पन गेले.

संतोष हसला. "मावशी, हॅलोनं दुकान तुमच्या नावावर केलं का?"

"दुकान न्हाई केलं. त्याला उठता येत न्हाई, म्हनून पाय माझं आलं. डोकं त्याचंच हाय. आकडा दाव."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"काय कळत न्हाई. म्हनून तर इचारते. तुला कळतंय, तर तू का इचारत न्हाईस विकासला?"

पोरानं पेटी माझ्याकडं फिरवली. तीन व्हता. मागं आबा खुर्चीवर बसलेले, काठीवर हनुवटी टेकून. म्हनले, "लय आजारी हाय का बबन?"

"मशीनवर हाय."

"दर वर्षी त्योच येऊन जायचा, व्हय?"

"व्हय."

आबा कायतरी बोलायला लागले, पन तवर मृदुंग सुरू झाला आनि त्यांचं तोंड नुसतं हललं. मी तीन तीन म्हनत साकव उतरले. विकासला सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आनि नऊ केला.

घरी आले तर बबन खाटंवर, खिडकीकडं कान करून. देवळातनं टाळ ऐकू येत व्हता, विहारातनं वंदना. दोन्ही येगवेगळं, आपापल्या जागी.

"आक्का, सुटं सुटं वाजतंय गं," त्यो म्हनला. जरा वेळानं इचारलं, "आबा व्हते?"

"व्हते. तुझी चौकशी केली."

"बोलावतो म्हनले का?"

खोटं बोलावं असं वाटलं. पन त्याला आवाजातला फरक कळायचा. "न्हाई," म्हनलं.

"बरं," म्हनला आनि परत खिडकीकडं कान केला.

जेठात, पेरनीच्या आधी, त्यो गेला. दुपारी मशीनवरनं आनला, पानी मागितलं, मी पानी आनेस्तवर झालेलं. शालननं हंबरडा फोडला. मी त्याचं डोळं मिटायला गेले, तर ते मिटलेलेच व्हते.

दिवसकार्याला, म्हंजी आमच्यातल्या जलदानाला, विहारात समदी जमली. तात्या बोलले. तेवढ्यात लोक वळून बघाया लागले. आबा साकवावरनं येत व्हते, संतोषच्या खांद्यावर हात ठेवून. विहारात ते पहिल्यांदा आलेले. पुढं आले, बबनच्या फोटूला हात जोडले, आनि शालनपुढं खाली बसले. म्हातारं मानूस, बसायला लय येळ लागला.

म्हनले, "चैतातच आमचं ठरलं व्हतं. मी आनि तात्या फाट्यावर चहाला बसलो व्हतो. दोन्हीकडचं काम परत बबनलाच द्यायचं. मी म्हनलं, पाऊस पडू दे, निवांत घरी जाऊन सांगू." कोपरीच्या खिशातनं पान काढलं, त्यावर सुपारी. "आता उशीर झाला. पन शब्द ह्या घराचा हाय, म्हनून आनलाय."

शालन म्हनली, "आता कशाला? ते इचारून इचारून गेले."

आबांनी पान तिच्यापुढं ठेवलं. संतोष खाली बघत व्हता. तात्यांनीबी खिशात हात घातला, त्यांनीबी आनलेली. दोन पानं शालनपुढं पडून ऱ्हायली. ती उचलंना. मी उचलली. त्यांच्यावर मेहेरबानी म्हनून न्हाई. त्याची व्हती, म्हनून उचलली.

आता मला ह्या गोष्टीची काळजी लागलीया. सुपारी घेतली म्हंजी काम करावं लागतंय. संतोषला आनि विकासला माईक लावता येतो, पन साकव वलांडून एकमेकाकडं जायला अजून त्यांचा पाय उचलत न्हाई. मला आकडा वाचता येतो, पुढचं काय येत न्हाई. माझंबी आता गुडघं धरलेत.

म्हनून जो कुनी हे वाचंल, त्याला माझं सांगनं हाय. तुमच्यात कुनाला माईकचं काम येत असंल, तर येत्या चैतात आमच्या गावाला या. वलवनच्या धरनापास्नं पुढं कुनालाबी साकवाजवळचं हॅलोचं घर इचारा. सामान पुसून ठेवलंय. जेवन मी आनि शालन करू. काम दोन्ही मांडवांत करावं लागंल.